तबकडी आपली, किल्ली कोणाची?

गेल्या वर्षी आमच्या युनियनच्या कचेरीत एक मुलगी आली. तिचे वडील आमचे जुने सहकारी. ते वारून दोन वर्षे झाली होती. 1996 साली या महामार्गावरील एका कारखान्यात संप झाला, त्या वेळी त्यांनी गेटसभेत भाषण केले होते. त्याचे चित्रण आमच्याकडे आहे, असे तिने आईकडून ऐकले होते. चित्रण होते खरे. व्हिडिओ कॅसेटवरून 2006 साली आम्ही ते सीडीवर उतरवून घेतले होते, आणि सीडी झाली म्हणून कॅसेट टाकून दिली होती. सीडी पत्र्याच्या छपराखाली, लोखंडी कपाटात वर्षानुवर्षे पडून होती. तिच्या पाठीवर बॉलपेनने, चांगले दाबून, ‘संप 96’ असे मीच लिहिले होते.

यंत्राने ती वाचली नाही. पुढे एका जाणत्या तरुणाने तीन रात्री खटपट करून बरेचसे चित्रण काढून दिले. पण भाषणातील मधली अकरा मिनिटे गेली ती गेलीच. यात दोष कोणा मालकाचा नव्हता, माझ्या अज्ञानाचा होता. ते अज्ञान घालविण्यासाठी वर्षभर जे वाचले, विचारले आणि हाताने करून पाहिले, तेच आज आपल्यापुढे ठेवणार आहे. मी या शास्त्राचा पंडित नव्हे. परंतु यंत्र कसे चालते हे यंत्रावर काम करणाऱ्याला समजलेच पाहिजे, असे मी आयुष्यभर सांगत आलो आहे. ते मलाही लागू आहे.

प्रथम तबकडीची रचना पाहू. सीडी, डीव्हीडी आणि ब्लू-रे या तिन्ही तबकड्या दिसायला सारख्या: 12 सेंटीमीटर व्यासाच्या, सव्वा मिलिमीटरच्या आतबाहेर जाडीच्या. तिघींवर एक अतिसूक्ष्म नागमोड रेघ आतून बाहेर गेलेली असते आणि त्या रेघेवर खुणा असतात. लेसरचा किरण त्यांवरून परत येतो, आणि त्याच्या कमीजास्त उजेडातून यंत्र शून्य व एक असे आकडे वाचते. फरक आहे तो किरणाचा. सीडीचा किरण 780 नॅनोमीटरचा, डोळ्यांना न दिसणारा. डीव्हीडीचा 650 नॅनोमीटरचा, तांबडा. आणि ब्लू-रेचा 405 नॅनोमीटरचा, निळसर जांभळा. जाड टाकापेक्षा बारीक टाकाने एका पानावर अधिक मजकूर बसावा, तसेच हे आहे. सीडीवरील दोन रेघांत 1.6 मायक्रॉनचे अंतर, डीव्हीडीवर 0.74 आणि ब्लू-रेवर अवघे 0.32. माणसाचा केस 70 मायक्रॉन जाड धरला, तर त्याच्या रुंदीत ब्लू-रेच्या दोनशेहून अधिक रेघा बसतात! म्हणून सीडीवर सुमारे 700 मेगाबाइट, डीव्हीडीच्या एका थरावर 4.7 गीगाबाइट, तर ब्लू-रेच्या एका थरावर 25 गीगाबाइट माहिती राहते.

इतकी जागा कशाला लागते? आपल्याकडील डीव्हीडीचे चित्र आडवे 720 व उभे 576 ठिपक्यांचे, म्हणजे एकूण 4,14,720 ठिपके. हाय डेफिनिशन चित्र 1920 गुणिले 1080, म्हणजे 20,73,600 ठिपके. हिशेब करून पाहा, बरोबर पाचपट. तमाशातील ढोलकीवाल्याची बोटे डीव्हीडीत पुसट दिसतात, ती ब्लू-रेमध्ये एक एक मोजता येतात.

आता माझी चूक कोठे झाली ते सांगतो. सीडीमध्ये माहितीचा थर वरच्या, म्हणजे नाव लिहावयाच्या बाजूला, पातळ लाखेखाली असतो. आपण खालची चकचकीत बाजू जिवापाड जपतो आणि वर बॉलपेन दाबतो. म्हणजे दाराला कडी घालून छप्पर उसकटण्यासारखे! डीव्हीडीत हा थर जाडीच्या मधोमध असतो, तर ब्लू-रेमध्ये खालच्या पृष्ठभागापासून फक्त 0.1 मिलिमीटर आत; म्हणून तिच्या त्या बाजूला कठीण लेप द्यावा लागतो. शिवाय कारखान्यात छापलेली तबकडी आणि आपण घरी भरलेली तबकडी या दोन वेगळ्या वस्तू आहेत. छापील तबकडीत खळगे दाबून उठवलेले असतात. घरी भरावयाच्या सीडी-डीव्हीडीत एक रंगद्रव्य असते. ते उष्णतेने व उजेडाने हळूहळू बिघडते. चैत्र-वैशाखात आमच्या पत्र्याखाली त्या रंगद्रव्याचे काय झाले असेल, हे या गावात वेगळे सांगावयास नको.

कोणी म्हणेल, एका गेटसभेच्या चित्रणाचे एवढे काय? पण हीच गोष्ट मोठ्या प्रमाणावर आपल्या महाराष्ट्रात घडलेली आहे. आपण कोल्हापूर-पुणे रस्त्यावर बसलो आहोत. ‘प्रभात’ कंपनी 1929 साली कोल्हापुरात निघाली आणि 1933 साली पुण्यास गेली. तिच्याच आवारात 1960 साली फिल्म इन्स्टिट्यूट उभी राहिली. 1964 साली पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय सुरू झाले, आणि पी. के. नायर या माणसाने गावोगावच्या फिती जमवण्यात आपली हयात घालविली. तरी तोवर पुष्कळ गेले होते. 1913 सालच्या ‘राजा हरिश्चंद्र’च्या चार रिळांपैकी पहिले व शेवटचे एवढेच हाती लागले, आणि तेही दादासाहेब फाळक्यांनी 1917 साली पुन्हा केलेल्या चित्रपटाचे असावे असे कित्येक अभ्यासक मानतात. 1931 सालच्या ‘आलम आरा’ या पहिल्या हिंदी बोलपटाची एकही प्रत उरलेली नाही. पुढे 8 जानेवारी 2003 रोजी पुण्यात आग लागून साठवलेल्या जुन्या नायट्रेट फिती जळाल्या. नायट्रेट फीत म्हणजे रासायनिकदृष्ट्या बंदुकीच्या दारूची चुलत बहीण. पेटली की विझत नाही. ज्या चित्रपटांच्या प्रती अगोदर दुसऱ्या, सुरक्षित फितीवर उतरल्या होत्या, ते वाचले. यावरून एकच धडा निघतो: वस्तू पेटीत घातल्याने टिकत नाही, वेळेवर नक्कल केल्याने टिकते.

येथे हाय डेफिनिशन तबकडीची अडचण उभी राहते. आपण केलेल्या चित्रणाची नक्कल करण्यास कोणाची आडकाठी नाही. पण दुकानातून विकत घेतलेल्या चित्रपटाच्या तबकडीला बहुधा कुलूप असते. ते असे चालते. तबकडीवरील चित्र सांकेतिक लिपीत घोटाळून ठेवलेले असते. प्रत्येक यंत्र-उत्पादकाला किल्ल्यांचा जुडगा दिलेला असतो, आणि तबकडीवर एक कोष्टक असते. त्या कोष्टकातून आणि आपल्या जुडग्यातून यंत्र खरी किल्ली तयार करते. एखाद्या उत्पादकाची किल्ली फुटली, तर पुढल्या तबकड्यांच्या कोष्टकातून ती वगळली जाते. 2007 साली अशा किल्ल्या खरोखरच फुटल्या, आणि संगणकावर चित्रपट दाखविणारे प्रोग्रॅम ग्राहकांना नवे करून घ्यावे लागले. याचा अर्थ नीट ध्यानात घ्या. तबकडी आपण पैसे मोजून घेतली, यंत्रही आपलेच. परंतु उद्या लागणारी किल्ली तिसऱ्याच्या खिशात आहे.

त्यातून प्रदेशांचे कुंपण वेगळे. डीव्हीडीच्या वाटणीत भारत पाचव्या प्रदेशात, तर अमेरिका पहिल्यात. ब्लू-रेच्या वाटणीत भारत ‘सी’मध्ये आणि अमेरिका ‘ए’मध्ये. अमेरिकेतील मुलाने प्रेमाने पाठविलेली तबकडी सातारच्या यंत्रात चालत नाही, यात बिघाड नसतो. मुद्दाम घातलेला बांध असतो. 2016 साली निघालेल्या चौपट ठिपक्यांच्या अल्ट्रा एचडी तबकड्यांना हे कुंपण नाही. पण त्यांची तऱ्हा आणखी निराळी. त्या संगणकावर रीतसर पाहण्यासाठी प्रोसेसरमध्ये एक खास सोय लागत असे. 2021 पासूनच्या घरगुती संगणकांच्या नव्या प्रोसेसरांतून इंटेल कंपनीने ती सोयच काढून टाकली. जुना संगणक जे करीत होता ते नवा करीत नाही!

या अडचणीतून वाट काढणारे प्रोग्रॅम तीन कामांचे असतात. पहिले काम उचलण्याचे: तबकडीवरील आकडे जसेच्या तसे संगणकावर आणावयाचे. बिघडलेल्या तबकडीसाठी ‘डीडीरेस्क्यू’ हा फुकट मिळणारा प्रोग्रॅम आहे. तो वाचता येणारा भाग आधी उचलतो, अडलेल्या जागांची नोंद ठेवतो आणि त्या जागांवर पुन्हा पुन्हा जातो. आमच्या सीडीवर झालेली खटपट याच जातीची. ‘मेकएमकेव्ही’ हा प्रोग्रॅम कुलूपबंद ब्लू-रेमधील चित्र व आवाज काढून, त्यांत काटछाट न करता, एका फाईलमध्ये ठेवतो. दुसरे काम आटविण्याचे: तीस-चाळीस गीगाबाइटची फाईल ‘हँडब्रेक’सारख्या प्रोग्रॅमने चार-पाच गीगाबाइटवर आणता येते. परंतु हे उसाचा रस आटवून गूळ करण्यासारखे आहे. गूळ नेण्यास सोपा. पण गुळाचा पुन्हा रस होत नाही. म्हणून रोज पाहण्यासाठी आटवलेली प्रत ठेवा, आणि जतनासाठी न आटवलेली. तिसरे काम दाखविण्याचे. ‘व्हीएलसी’ हा प्रोग्रॅम 1996 च्या सुमारास पॅरिसमधील विद्यार्थ्यांनी आरंभला आणि 2001 पासून तो सर्वांना खुला आहे. त्याची घडण कोणालाही पाहता व सुधारता येते. कंपनी बंद पडली तरी असा प्रोग्रॅम पोरका होत नाही. हा त्याचा मोठा गुण. मात्र कुलूपबंद ब्लू-रेची किल्ली त्याच्याजवळही आपोआप नसते.

मग कुलूप उघडणे गुन्हा आहे काय? 1957 च्या कॉपीराइट कायद्यात 2012 साली 65-अ हे कलम घातले गेले. हक्कभंग करण्याच्या हेतूने असे कुलूप तोडल्यास दोन वर्षांपर्यंत कैद व दंड होऊ शकतो. त्याच कलमात असेही म्हटले आहे की, ज्या कामाला कायद्याने स्पष्ट मनाई केलेली नाही, त्या कामासाठी कुलूप उघडण्यास हे कलम आड येत नाही. फक्त दुसऱ्याला त्यात मदत करणाराने त्याचे नाव, पत्ता व हेतू यांची नोंद ठेवावी. खाजगी वापरासाठी वाजवी उपयोगाची मुभा 52 व्या कलमात आहे. सार्वजनिक वाचनालयाने किंवा संस्थेने काही करण्यापूर्वी मात्र वकिलाचा सल्ला घ्यावा. चित्रपटावरील हक्क प्रकाशनाच्या पुढल्या वर्षापासून 60 वर्षे चालतो, हेही लक्षात असू द्यावे.

येथे मला कामगार म्हणून एक बोलावयाचे आहे. मी नक्कल करण्याची बाजू मांडतो, नक्कल विकण्याची नव्हे. चित्रपट नटनट्यांचाच नसतो. दिवे उचलणारा, रुळांवर कॅमेरा ढकलणारा, कपडे शिवणारा, हे सारे त्यावर पोट भरतात. चोरटी प्रत विकणारा त्यांच्या घामावर डल्ला मारतो. दिल्लीजवळच्या मोझर बेअर कंपनीने 2007 साली चित्रपटांची व्हीसीडी 28 रुपयांस आणि डीव्हीडी 34 रुपयांस बाजारात आणली. रास्त किंमत ठेवली तर साधा माणूसही अस्सल वस्तू घेतो, हे आपल्यापैकी पुष्कळांनी आपल्याच घरात पाहिले आहे. पुढे जमाना फिरला, तबकड्यांचा खप आटला, आणि 2018 साली ती कंपनी अवसायनात निघाली. तेथील कामगारांचे हात रिकामे झाले. 2025 च्या फेब्रुवारीत सोनी कंपनीने घरी भरावयाच्या ब्लू-रे तबकड्यांचे उत्पादन थांबविले. यंत्रेही कमी होत जातील. म्हणजे आपल्या कपाटातील तबकडी शाबूत राहिली, तरी ती वाचणारे यंत्र उद्या मिळेलच असे नाही.

कोणी विचारील, आता सारे मोबाईलवर मिळते, मग ही उठाठेव कशाला? मोबाईलवर मिळते ते जोवर देणाऱ्याची मर्जी आहे तोवरच. तो करार संपला की चित्रपट नाहीसा होतो, आणि दाद मागण्यास जागा राहत नाही. शिवाय आपल्या आईच्या ओव्या, गावच्या जत्रेतील कुस्ती, लग्न, संप, यांतले काहीही कोणती कंपनी सांभाळणार नाही. ते आपणच सांभाळावयाचे आहे.

तेव्हा घरी गेल्यावर एवढे करा. कपाटातील तबकड्या काढून पाहा. घरी भरलेल्या सीडी-डीव्हीडी पहिल्या उचला, कारण त्या आधी मरतात. त्यांवर बॉलपेन चालवू नका. प्रत्येक चित्रणाच्या तीन प्रती करा; त्या निदान दोन प्रकारच्या साधनांवर ठेवा; आणि एक दुसऱ्या घरी, शक्य तर दुसऱ्या गावी ठेवा. 4 टेराबाइटच्या एका हार्ड डिस्कवर 40 गीगाबाइटच्या शंभर फाईली मावतात. वर्षातून एकदा, दिवाळीच्या साफसफाईबरोबर, प्रत्येक प्रत उघडून पाहा. आणि नक्कल पडताळून झाल्याशिवाय मूळ वस्तू टाकू नका. माझी कॅसेट मी टाकली नसती, तर ती अकरा मिनिटे आज असती.

त्या मुलीने जाताना मला विचारले, ‘काका, मधल्या भागात बाबा काय बोलले होते?’ मी त्या सभेत पहिल्या रांगेत उभा होतो. मला आठवेल तेवढे मी सांगितले. पण माझी आठवण म्हणजे तिच्या वडिलांचा आवाज नव्हे.