आमरीच्या मुळातील कवक : ओळख व उपयोग

औषधींची नामरूपे अरण्यात वावरणारे गुराखी-मेंढपाळही जाणतात, परंतु त्यांची योजना जाणणारा तोच तत्त्ववेत्ता, असे चरकाचार्यांनी सूत्रस्थानाच्या पहिल्याच अध्यायात सांगितले आहे. आमरी, म्हणजेच ऑर्किड, या कुलाबाबत मात्र नामरूपज्ञानही एका वनस्पतीपाशी संपत नाही. तिच्या मुळात दुसरा एक जीव नांदत असतो.

वरंधा व आंबेनळी घाटांच्या पायथ्याशी वसलेल्या महाड-पोलादपूर परिसरात पावसाळ्याच्या तोंडी आंब्या-जांभळांच्या फांद्यांवरून सीतेच्या वेणीचे घोस लोंबू लागतात. सह्याद्रीतील भूमिस्थ आमरींपैकी अमरकंद बल्य म्हणून परिचित आहे. अष्टवर्गातील जीवक, ऋषभक, ऋद्धी व वृद्धी ही हिमालयातील आमरीच मानली जातात. ती दुर्लभ झाल्यामुळेच भावमिश्रांनी पहिल्या दोहोंसाठी विदारीकंद व पुढील दोहोंसाठी वाराहीकंद हे प्रतिनिधी सांगितले. टंचाईचा हा प्रश्न आज अमरकंदापुढेही उभा राहू शकतो. कारण कंद खणला की मातृवनस्पतीच जाते.

कवकाचे कार्य

आमरीच्या एका बोंडात हजारो, कित्येकदा लाखो बीजे असतात. पण ती धुळीसारखी सूक्ष्म असून त्यांत भ्रूणपोष नसतो. कवकाने अन्न पुरविल्याशिवाय निसर्गात ती रुजत नाहीत. हे फ्रेंच शास्त्रज्ञ नोएल बर्नार यांनी १८९९ मध्ये दाखविले. १९२२ मध्ये अमेरिकेतील ल्युईस नड्सन यांनी शर्करायुक्त माध्यमावर कवकाविना बीजे रुजविली. प्रयोगशाळेतील लागवड त्यामुळे सुकर झाली. डोंगरउतारावर मात्र कवकाची गरज कायम आहे.

ओळख कशी पटवावी?

निरोगी मूळ धुवून अल्कोहोल व सोडियम हायपोक्लोराइटने बाह्य शुद्धी करतात. शेवटच्या धुण्याचे पाणीही माध्यमावर पसरतात; त्यात काही उगवले तर शुद्धी अपुरी समजावी. पातळ छेदात सूक्ष्मदर्शकाखाली पेशींमध्ये कवकतंतूंची वेटोळी दिसतात. ती सुईने अलग करून प्रतिजैविकयुक्त आगरवर वाढवितात. काटकोनात फुटणारी व उगमापाशी आवळलेली शाखा ही रायझोक्टोनिया गटाची खूण होय. ट्युलास्नेला व सेराटोबेसिडियम याच गटात येतात. भाताच्या पर्णकोष करप्याचे कवकही याच आकृतीचे असल्याने केवळ दर्शनावर निर्णय देऊ नये. पेशीतील केंद्रके मोजावीत आणि डीएनएच्या आयटीएस खंडाचा क्रम तपासावा. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत राष्ट्रीय कवक संग्रह असून तेथे कवकांची ओळख व जतन होते.

तथापि मुळात सापडलेले प्रत्येक कवक बीज रुजविणारे असतेच असे नाही. काही केवळ अंतर्वासी असतात. म्हणून बारीक जाळीच्या पुडीत बीजे भरून मातृवनस्पतीजवळ पुरतात व जे रुजेल त्यातूनच कवक वेगळे करतात.

वैद्य व औषधनिर्मात्यांसाठी

अंतर्वासी कवकही औषधी द्रव्य निर्माण करू शकते, हे टॅक्सॉलच्या बाबतीत १९९३ मध्ये यू वृक्षातील कवकाच्या अभ्यासातून पुढे आले. म्हणून कंदाचा गुण सर्वस्वी वनस्पतीचाच असे गृहीत धरणे धाडसाचे ठरेल. व्यवहारात तीन गोष्टी पाळाव्यात. वन्य अमरकंद घेताना त्याचे मूळ ठिकाण व संग्रहकाल नोंदवावा. बोंडे पिकून बीज विखुरण्यापूर्वी खणलेला माल नाकारावा. लागवड करताना मूळ जागेची थोडी माती रोपासोबत ठेवावी. जवळजवळ संपूर्ण आमरी कुल साइट्स कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात असल्याने निर्यातीस परवाना लागतो, हेही ध्यानी ठेवावे.

कंद राखायचा तर त्याची माती राखली पाहिजे. आजचा अमरकंद उद्या प्रतिनिधी द्रव्यांच्या यादीत शोधावा लागू नये.