उधमसिंगांनी मारला तो डायर नव्हता

एप्रिल उजाडला की शाळांतल्या भाषणांत, फिरत्या संदेशांत आणि कधी कधी वर्तमानपत्रांच्या दिनविशेषातसुद्धा एक वाक्य हमखास येतं: जालियनवाला बागेत गोळीबार करणाऱ्या जनरल डायरला उधमसिंगांनी लंडनला जाऊन ठार मारलं. ऐकणाऱ्याचं रक्त सळसळतं, टाळ्या पडतात. पण हे वाक्य साफ चुकीचं आहे. दुरुस्त करायला गेलं की लोक म्हणतात, नावात काय एवढं, मारला तो इंग्रजच ना? या उत्तराचा मला मनस्वी राग येतो. कारण या चुकीमुळे एक गुन्हेगार आपल्या आठवणीतून पार निसटला आहे आणि दुसऱ्याला कधीच न झालेली शिक्षा आपण परस्पर देऊन टाकली आहे.

आधी तारखा पाहू. १३ एप्रिल १९१९ रोजी बागेत गोळीबाराचा हुकूम देणारा रेजिनाल्ड डायर २३ जुलै १९२७ रोजी इंग्लंडमध्ये ब्रिस्टलजवळच्या लाँग ॲश्टन इथे आजारपणाने वारला. त्याच वर्षी उधमसिंगांना अमृतसरमध्ये बेकायदा शस्त्रं बाळगल्याबद्दल अटक झाली आणि पाच वर्षांची शिक्षा झाली. सुटका झाल्यावर ते इंग्लंडला पोचले तोवर डायरला जाऊन कित्येक वर्षं लोटली होती. त्यांनी त्याला मारणं शक्यच नव्हतं.

त्यांनी मारलं ते सर मायकेल ओडवायरला. १९१३ ते १९१९ या काळात हा पंजाबचा लेफ्टनंट गव्हर्नर होता. मूळचा आयर्लंडचा, इंडियन सिव्हिल सर्व्हिसमधला मुलकी अधिकारी. लष्कराशी त्याचा संबंध नव्हता. १३ मार्च १९४० रोजी लंडनच्या कॅक्स्टन हॉलमध्ये ईस्ट इंडिया असोसिएशन आणि रॉयल सेंट्रल एशियन सोसायटी यांची सभा होती. विषय अफगाणिस्तानचा, वक्ते सर पर्सी साइक्स, अध्यक्षस्थानी भारतमंत्री लॉर्ड झेटलंड. सभा संपली, लोक उठू लागले, तेवढ्यात उधमसिंग पुढे आले आणि त्यांनी रिव्हॉल्व्हरमधून सहा गोळ्या झाडल्या. दोन गोळ्या पाठीत शिरून पंचाहत्तर वर्षांचा ओडवायर जागीच कोसळला. झेटलंड, पंजाबचे आणखी एक माजी लेफ्टनंट गव्हर्नर सर लुई डेन आणि लॉर्ड लॅमिंग्टन जखमी झाले. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडला ज्यांचं नाव दिलं होतं तेच हे लॅमिंग्टन, १९०३ ते १९०७ या काळातले मुंबईचे गव्हर्नर. पोलिसांना उधमसिंगांनी आपलं नाव मोहम्मद सिंग आझाद असं सांगितलं. ३१ जुलै १९४० रोजी पेंटनव्हिल तुरुंगात त्यांना फाशी झाली.

मग ओडवायर का? डायर हाती लागला नाही म्हणून नावाने जवळचा कोणी तरी पकडला, असं काही जण समजतात. हा उधमसिंगांवर अन्याय आहे. ओडवायरचा पंजाब एकदा नीट पाहा. महायुद्धाच्या वर्षांत त्याच्या राज्यात सैन्यभरतीसाठी गावोगाव सक्ती झाली. एप्रिल १९१९ मध्ये अमृतसरचे दोन लोकप्रिय पुढारी डॉ. सैफुद्दीन किचलू आणि डॉ. सत्यपाल यांना उचलून धरमशालेला धाडायचा हुकूम त्याच्या सरकारचा होता. १० एप्रिलला त्या दोघांना डेप्युटी कमिशनरच्या बंगल्यावर बोलावून घेतलं आणि तिथूनच गाडीत घालून परस्पर नेलं. जाब विचारायला निघालेल्या जमावावर रेल्वेच्या पुलाजवळ गोळीबार झाला, माणसं मेली आणि शहर पेटलं. पाच युरोपियनही त्या दिवशी मारले गेले. तोपर्यंत डायर अमृतसरमध्ये आलेलाही नव्हता.

बागेतल्या हत्याकांडाचा अहवाल लाहोरला पोचल्यावर लष्करी वरिष्ठांनी डायरला त्याची कृती योग्य असल्याचं कळवलं, आणि त्यात ओडवायरची संमती स्पष्टपणे नोंदवली. हत्याकांडाच्या दुसऱ्याच दिवशी, १४ एप्रिलला, गुजराँवाला इथे विमानांतून बॉम्ब टाकले गेले आणि मशीनगन चालवल्या गेल्या. त्याच्याशी डायरचा काडीचा संबंध नव्हता. मग १५ एप्रिलपासून लाहोर आणि अमृतसरला मार्शल लॉ लागू झाला, तोही ओडवायरच्या मागणीवरून. हे सगळं या घटनांच्या चौकशीसाठी सरकारने नेमलेल्या हंटर समितीच्या कागदपत्रांत आहे. शंका असेल त्याने ती उघडून पाहावीत.

ओडवायरला याचा कधी पश्चात्ताप झाला नाही. व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळाचा राजीनामा दिलेले सर शंकरन नायर यांनी पुस्तकात त्याला पंजाबातल्या अत्याचारांबद्दल जबाबदार धरलं, तेव्हा ओडवायरनेच लंडनमध्ये त्यांच्यावर अब्रुनुकसानीचा दावा लावला. १९२४ मध्ये पाच आठवडे तो चालला. ज्यूरीतल्या बारापैकी अकरा जण ओडवायरच्या बाजूने गेले, नायरांना ५०० पौंड नुकसानभरपाई आणि वर खर्च भरावा लागला. न्यायाधीश मॅकार्डी यांनी भर कोर्टात डायरचं वागणं योग्य ठरवलं. अलीकडच्या एका चित्रपटामुळे नायरांनी डायरवर खटला भरल्याची समजूत पसरली आहे. प्रत्यक्षात नायर प्रतिवादी होते आणि हरलेले होते.

आणि डायर? त्याच्यावर कोणत्याही कोर्टात खटला चालला नाही. मार्च १९२० मध्ये त्याला पदावरून दूर केलं, पुढे नोकरी मिळणार नाही असं सांगितलं, एवढंच. जुलैमध्ये हाउस ऑफ कॉमन्सने सरकारच्या या निर्णयाला पाठिंबा दिला, पण हाउस ऑफ लॉर्ड्सने १२९ विरुद्ध ८६ मतांनी डायरची बाजू घेतली. मॉर्निंग पोस्ट या वर्तमानपत्राने त्याच्यासाठी निधी उभारला, त्यात २६,००० पौंडांहून अधिक रक्कम जमली. ज्याला उधमसिंगांच्या गोळीने न्याय मिळाल्याचं आपण सांगतो, तो माणूस लोकांनी वर्गणी काढून दिलेल्या पैशांवर जगून अंथरुणात मेला.

म्हणूनच ही चूक किरकोळ नाही. कॉमन्समधल्या चर्चेत तेव्हाचे युद्धमंत्री विन्स्टन चर्चिल यांनी हत्याकांडाचा कडक निषेध केला, पण ही घटना इतिहासात एकटीच उभी आहे, असाच त्यांचा रोख होता. एक अधिकारी बहकला, साम्राज्य मात्र असं नसतं, हा तो युक्तिवाद. सगळी कहाणी एकट्या डायरवर आणून संपवली की नकळत आपणही तेच म्हणतो. किचलू-सत्यपालांची धरपकड, गुजराँवालावरचे बॉम्ब आणि मार्शल लॉखालचे फटके गोष्टीतून गळून पडतात. गोळीबाराचा हुकूम देणारा उरतो आणि त्याला शाबासकी देणारं सरकार सुटतं. उधमसिंगांनी मात्र सरकार चालवणाऱ्याला जबाबदार धरलं. त्यांची निवड आपल्या भाषणांपेक्षा कितीतरी अचूक होती.

या विषयावरचे आणखी काही गैरसमज थोडक्यात.

गोळ्या गोऱ्या शिपायांनी झाडल्या: नाही. हुकूम गोऱ्याचा, पण रायफली चालवणारे पन्नास शिपाई गुरखा आणि हिंदी पलटणींतले होते.

मशीनगन चालवल्या: बागेत नाही. दोन चिलखती गाड्यांवर त्या होत्या, पण बागेत शिरायचा बोळ अरुंद असल्याने गाड्या बाहेरच राहिल्या. गाड्या आत जाऊ शकल्या असत्या तर मशीनगन चालवल्या असत्या का, असं हंटर समितीत मुंबईचे सर चिमणलाल सेटलवाड यांनी विचारलं, तेव्हा डायरने बहुधा हो, असं उत्तर दिलं.

३७९ माणसं मेली: हा सरकारी आकडा. गांधीजी, चित्तरंजन दास, अब्बास तय्यबजी आणि मुंबईचे मुकुंदराव जयकर यांच्या काँग्रेस समितीचा अंदाज हजाराच्या घरातला होता. झाडलेल्या गोळ्या १,६५० होत्या, हे डायरनेच सांगितलं.

बागेतले सगळे जण निषेध सभेसाठीच आले होते: नाही. बैसाखीचा दिवस होता. खेड्यापाड्यांतून आलेल्या कितीतरी जणांना डायरने घातलेल्या सभाबंदीचा पत्ताच नव्हता.

झाडून सारे इंग्रज डायरच्या पाठीशी होते: नाही. बॉम्बे क्रॉनिकलचे संपादक बेंजामिन हॉर्निमन यांना सरकारविरोधी लिखाणापायी एप्रिल १९१९ मध्येच हद्दपार केलं गेलं. मुंबईचं हॉर्निमन सर्कल त्यांच्याच नावाचं आहे.

ब्रिटनने माफी मागितली: अजून नाही. १९९७ मध्ये राणीने बागेत पुष्पचक्र वाहिलं, २०१३ मध्ये डेव्हिड कॅमेरून यांनी घटना लज्जास्पद म्हटली, २०१९ मध्ये थेरेसा मे यांनी खेद व्यक्त केला. सरकारने रीतसर माफीचा शब्द उच्चारलेला नाही.

येत्या एप्रिलमध्ये मुलांची भाषणं बसवणाऱ्या शिक्षकांना एकच विनंती. दोन्ही नावं सांगा आणि दोघांचे शेवटही सांगा. डायरने गोळ्या झाडायला लावल्या आणि तो शिक्षेविना मेला. ओडवायरने त्याला मान्यता दिली, पंजाब चिरडला, आणि एकवीस वर्षांनी उधमसिंगांनी त्याचा हिशेब चुकता केला. मुलांना हे समजतं. त्यांच्यापाशी सोपं करून खोटं सांगायची काहीच गरज नाही.