दवाखान्याचाही काटा चोख हवा



उसाची गाडी काट्यावर चढली की मालक आधी काट्याकडे बघतो, मग साहेबांकडे. काटा चोख असेल तर पुढल्या हंगामात ऊस आपणहून येतो. एकदा का संशय शिरला, की कितीही पत्रके वाटा, गाडी दुसऱ्या वाटेला लागते. दवाखान्याचंही तसंच आहे. "लोक अडाणी, दुखणं अंगावर काढतात, देवऋषाकडे जातात," असं म्हणून मोकळं होणं सोपं. पण ते दवाखान्यात का येत नाहीत, हे त्यांनाच विचारलं तर? राज्याच्या पूर्व टोकाला, चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलात, असं विचारलं गेलं. तो दाखला आज आपल्यापुढे ठेवीत आहोत.

बाबा आमटे यांनी २३ डिसेंबर १९७३ रोजी भामरागडजवळ हेमलकसा येथे लोकबिरादरी प्रकल्प सुरू केला. हा मुलूख तेव्हा चंद्रपूर जिल्ह्यात होता. गडचिरोली जिल्हा वेगळा झाला तो २६ ऑगस्ट १९८२ रोजी. डॉ. प्रकाश व डॉ. मंदाकिनी आमटे तिथे राहून रोगी तपासू लागले. औषध फुकट, डॉक्टर दारात, तरी माडिया लोक जवळ येईनात. बाहेरच्या माणसाने त्यांना आजवर लुबाडलेच होते. हा नवा गडी काय न्यायला आलाय, ही शंका. मग डॉक्टरांनीच माडिया भाषा शिकून घेतली. लोकांच्या अंगावर पुरता कपडा नाही, म्हणून अर्धी चड्डी आणि बनियन हाच आपला वेष केला. काही अवघड रोगी बरे होऊन आपल्या पायांनी घरी गेले, तेव्हा बातमी पाड्यापाड्यांत पोचली. मग लांबलांबून लोक चालत येऊ लागले.

पुढे डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांनी १९८६ च्या सुमारास गडचिरोलीत 'सर्च' संस्थेचे काम उभे केले. दवाखान्याची भीती का वाटते, हे त्यांनी आदिवासींना विचारले. उत्तरे साधी होती. इमारत मोठी, आत हरवल्यासारखं होतं. डॉक्टर आणि नर्सबाई पांढऱ्या कपड्यांत. आमच्यात पांढरं कापड मेलेल्यावर घालतात. नातेवाइकांना जवळ राहू देत नाहीत. आणि तिथे आमचा देव नाही. हे हसण्यावारी न नेता शोधग्राम येथे झोपड्यांसारख्या खोल्यांचा दवाखाना बांधला. नातेवाइकांच्या राहण्याची सोय केली, दंतेश्वरी मातेचे देऊळ उभारले आणि दवाखान्याला तिचेच नाव दिले.

पण तान्ह्या पोराला घेऊन बाळंतीण दवाखान्यापर्यंत पोचणार कशी? म्हणून १९९५ पासून ३९ गावांत दवाखानाच घरी नेला. गावातल्याच बायांना आरोग्यदूत म्हणून शिकवले. बाळाचे वजन करायचे, श्वास मोजायचे, ऊब द्यायची आणि जंतुसंसर्ग झाला तर इंजेक्शनसुद्धा द्यायचे! शेजारणीच्या हाती आईने आपले बाळ दिले, कारण ती परकी नव्हती, रात्री हाक मारली तरी येणारी होती. जन्म-मृत्यूची नोंद काटेकोर ठेवली. तुलनेच्या गावांशी ताडून पाहता नवजात बालकांचे मृत्यू सुमारे ६२ टक्क्यांनी घटले. १९९९ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात हे जगापुढे आले. २०११ पासून ही पद्धत देशाच्या कार्यक्रमात आहे. आपल्या गावची आशाताई बाळंतिणीच्या घरी येऊन बाळाचे वजन करते, त्यामागे या जंगलातल्या बायांची पुण्याई आहे.

आता जरा आपल्या बांधावर येऊ. आपला ऊस तोडणाऱ्या कोयत्यातली बाई डॉक्टरवर विश्वास ठेवते, तेव्हा तिला काय मिळते? २०१९ साली शासनाने नेमलेल्या समितीच्या कामात बीड जिल्ह्यातील ८२,३०९ ऊसतोडणी महिलांची पाहणी झाली. त्यांतल्या १३,८६१ जणींची गर्भपिशवी काढलेली निघाली. पोट दुखतं, अंगावरून जातं म्हणून गेल्यावर कॅन्सरची भीती घातली, असे कित्येकींनी सांगितले. त्यात खाड्याची धास्ती: पाळीच्या दिवसांत बसून राहिलं तर पैसे कापले जाणार. जंगलात लोकांचा विश्वास मिळवायला वर्षे लागली. इथे असलेला विश्वासच चिरफाडीला लावला गेला. यात दोष एकट्या डॉक्टरांचा म्हणून आपल्याला हात झटकता येणार नाहीत. खाडा आपल्याच फडात पडतो.

तेव्हा आमचे सांगणे एवढेच. हंगाम सुरू होताच आपल्या शेतात उतरलेल्या टोळीची खबर गावच्या आशाताईला आणि प्राथमिक आरोग्य केंद्राला द्या, म्हणजे कोपीवरची गरोदर बाई आणि तान्हे पोर नोंदीत येईल. आजारी बाईचा खाडा धरू नये, हे मुकादमाला स्वच्छ सांगा. गर्भपिशवी काढायला कुणी सांगितलेच, तर आधी सरकारी दवाखान्यात दुसऱ्या डॉक्टरांना दाखवून घ्या, आणि हा सल्ला आपल्या घरातल्या बायांनाही लागू आहे, बरं का! येत्या वार्षिक सभेत काटा, उतारा, दर यांची चर्चा होईलच. तिथेच एका सभासदाने उठून विचारावे की, आपल्या फडातल्या बाईला दवाखान्यात नेण्याची जबाबदारी कोणाची? उत्तर लेखी मागावे, आणि पुढल्या सभेत त्याचा हिशेब घ्यावा.