जोडीला स्प्रिंगची एअर रायफल

ठाण्याच्या रुद्रांक्ष पाटील यांनी २०२२ साली कैरो येथे ज्या १० मीटर एअर रायफल प्रकारात जगज्जेतेपद मिळवले, त्या प्रकारातील आजच्या रायफली नळकांड्यात सुमारे २०० बार दाबाने भरलेल्या हवेवर चालतात. मात्र अहमदपूरसारख्या तालुक्याच्या गावी हे नळकांडे रिकामे झाले किंवा त्याची सील गळू लागली, तर सराव तिथेच थांबतो. म्हणून जोडीला बॅरल मोडून ताणण्याची साधी स्प्रिंग रायफल असावी, हे उत्तम. तिच्यात बॅरल खाली ओढताच स्प्रिंग दाबली जाऊन दट्ट्या, म्हणजे पिस्टन, मागे अडकतो आणि घोडा दाबताच तो झेपावून हवा एकाएकी दाबतो, त्या हवेने छर्रा सुटतो. छर्रा बाहेर पडण्यापूर्वीच रायफल आधी मागे व मग पुढे हिसकते, त्यामुळे ती घट्ट न आवळता तळहातावर सैल टेकवावी लागते, आणि हीच तिची खरी शिकवण आहे. छर्र्याविना ती कधीही उडवू नये, कारण हवेची उशी न मिळाल्याने दट्ट्या थेट आदळतो. निवडताना अवाजवी वेगाच्या मोहात न पडता ०.१७७ इंची, म्हणजे ४.५ मिलिमीटर व्यासाची आणि २० जूलच्या आतली रायफल घ्यावी. शस्त्र नियम, २०१६ नुसार तिला परवाना लागत नाही.