‘मानसोपचारच का?’ हे विचारतो कोण?

नाशिकहून त्र्यंबकेश्वर मागे टाकून घाटवळणाच्या रस्त्याने हरसूलला पोहोचले की गुजरातची हद्द फार लांब राहत नाही. द्राक्षांच्या हंगामात या पट्ट्यातल्या पाड्यांवरची माणसे दिंडोरी-निफाडच्या बागांत मजुरीला उतरतात, पावसाळ्यात भात-नागलीसाठी परत येतात. अशा भागातल्या सरकारी ओपीडीत ‘मला नैराश्य आले आहे’ असे सांगत सहसा कोणी येत नाही. छातीत धडधडते, हातापायाला मुंग्या येतात, रात्र रात्र डोळ्याला डोळा लागत नाही, अशा तक्रारी असतात. कधी घरचेच बाईला धरून आणतात आणि हळूच सांगतात, ‘बाहेरचं झालंय, भगताकडे दाखवून झालं.’ समोर बसलेल्या तरुण एमबीबीएस डॉक्टरने रक्त तपासलेले असते, ईसीजी काढलेला असतो. सगळे ठीक, आणि तरीही माणूस ठीक नाही.

याच टेबलामागे बसून काहीजणांच्या मनात मानसोपचारशास्त्रात एम.डी. करण्याचा विचार येतो. इथून पुढचा रस्ता मात्र घाटापेक्षा अधिक वळणांचा आहे.

पहिले वळण म्हणजे नीट-पीजी. २०० प्रश्न, ८०० गुण, साडेतीन तास; बरोबर उत्तराला चार गुण, चुकीला एक वजा. शरीररचनेपासून शस्त्रक्रियेपर्यंत सगळे विषय त्यात असतात आणि मानसोपचाराचे प्रश्न हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. म्हणजे मानसोपचारतज्ज्ञ व्हायचे असेल तर आधी हृदय, मूत्रपिंड आणि जीवरसायनशास्त्रात इतरांच्या पुढे जावे लागते. एमबीबीएसमध्येही या विषयाची स्वतंत्र अंतिम परीक्षा नसते, तो मेडिसीनच्या पोटात येतो. नव्या नियमांनुसार इंटर्नशिपमध्ये दोन आठवडे मानसोपचार विभागात काढणे सक्तीचे झाले. या १४ दिवसांत जेवढे दिसेल, तेवढ्यावर पुष्कळांना आयुष्याची शाखा निवडावी लागते. ते दिवस केवळ सही घेण्यासाठी घालवणाऱ्याने नंतर तक्रार करू नये.

दुसरा मार्ग आयएनआय-सीईटीचा. एम्स, चंडीगडचे पीजीआय, पुद्दुचेरीचे जिपमेर आणि बंगळुरूचे निम्हान्स यांच्या जागा त्यातून भरल्या जातात. मानसोपचारासाठी निम्हान्सचे नाव देशात पहिले घेतले जाते, पण तिथेही एम.डी.च्या दारात उभे राहायचे ते याच बहुपर्यायी प्रश्नपत्रिकेतून.

आपल्याकडे या सगळ्यात मुलाखत कुठेच नाही. जो विषय मुळात समोरच्या माणसाशी बोलण्याचा आहे, त्यात प्रवेश देताना उमेदवाराला कोणी दोन वाक्ये बोलायला लावत नाही. ‘मानसोपचारच का?’ हा प्रश्न विचारतात ते नातेवाईक. आणि त्यांच्या सुरात कुतूहल कमी, काळजी जास्त असते. ‘एवढं शिकून वेड्यांचा डॉक्टर?’ हे वाक्य ऐकले नाही असा मानसोपचाराचा निवासी डॉक्टर विरळाच.

अमेरिकेत नेमके उलटे आहे. तिथे मानसोपचाराच्या रेसिडेन्सीसाठी अर्ज करणाऱ्या मुंबई-पुण्याच्या मुलामुलींना परीक्षा उत्तीर्ण होण्याबरोबरच स्वतःविषयीचे निवेदन, शिक्षकांची शिफारसपत्रे आणि मुलाखतींची फेरी यांतून जावे लागते. कोविडपासून बहुतेक मुलाखती पडद्यावरच होतात. न्यूयॉर्कमध्ये सकाळचे ९ वाजतात तेव्हा हिवाळ्यात आपल्याकडे संध्याकाळचे साडेसात झालेले असतात. त्यामुळे दिवसभराची ड्युटी संपवून, शर्टाची इस्त्री सांभाळत लॅपटॉपसमोर बसायचे. तिथे उत्तराचा मजकूर पाहतात, तसेच उमेदवार ऐकतो कसा, थांबतो कुठे, हेही पाहतात. स्वतःच्या किंवा घरातल्या आजारपणामुळे या विषयाकडे वळलेले अनेक असतात. ते सांगावे की नाही, हा नाजूक प्रश्न आहे. सांगायचेच तर ज्या आठवणीवर आता शांतपणे बोलता येते तीच सांगावी. मुलाखत म्हणजे उपचाराची बैठक नव्हे.

मुलाखती संपल्या की उमेदवार कार्यक्रमांची पसंतीक्रमाने यादी देतात, रुग्णालयेही उमेदवारांची यादी देतात, आणि संगणक दोन्ही जुळवतो. १९५२ पासून चालत आलेल्या या ‘मॅच’ची आजची रीत आल्विन रॉथ या अर्थशास्त्रज्ञाने सुधारून दिली, अशा जुळणीच्या अभ्यासासाठी त्यांना लॉइड शॅप्ली यांच्यासोबत २०१२ चे अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले. या गणिताचा उमेदवाराला मिळणारा निष्कर्ष सोपा आहे : जे खरोखर हवे ते सर्वात वर लिहा, ‘मिळेल का’ याचा हिशेब करून यादी फिरवू नका.

मग मुलाखत चांगली आणि परीक्षा वाईट, असे म्हणायचे का? तसे नाही. ब्रिटनमध्ये मानसोपचाराच्या प्राथमिक प्रशिक्षणासाठी २०२० च्या साथीत मुलाखत बंद करून परीक्षेच्या गुणांवर निवड सुरू झाली; पण त्या परीक्षेत ‘अशा पेचात तुम्ही काय कराल’ या प्रकारचे प्रश्नही असतात. आपल्याकडे मुलाखत आली तर ओळखीपाळखी, इंग्रजीचा सराव आणि शहरी सफाई यांचे पारडे जड होण्याची भीती खोटी नाही. हरसूल किंवा पेठच्या आश्रमशाळेतून शिकून डॉक्टर झालेल्या मुलीला रँकचा आंधळेपणा परवडतो. कोकणी किंवा वारली बोली घरातून येणाऱ्या या मुलीला उद्या ओपीडीत जे समजेल, ते दुभाष्यामार्फत कोणाला समजणार नाही. परीक्षेत त्याला एकही गुण नसतो, हे त्याच आंधळेपणाचे दुसरे टोक.

पुन्हा आपल्या वळणांकडे. रँक हातात आली की खरी कसोटी कौन्सेलिंगची. सरकारी महाविद्यालयांतल्या निम्म्या जागा अखिल भारतीय कोट्यातून, एमसीसीमार्फत भरल्या जातात आणि निम्म्या राज्याच्या सीईटी कक्षामार्फत. डीएनबीच्या जागाही एमसीसीच्या कौन्सेलिंगमध्येच येतात आणि विचार न करताच त्यांच्यावर काट मारणे शहाणपणाचे नाही. दोन्हीकडे नोंदणी वेगळी, वेळापत्रक वेगळे. अखिल भारतीय कोट्यात पहिल्या फेरीतली जागा विनादंड सोडता येते. दुसऱ्या फेरीपासून अनामत रकमेवर पाणी सोडावे लागते. वरची जागा मिळाली की आधीची आपोआप जाते, मागून पश्चात्ताप करून ती परत मिळत नाही. पसंतीक्रम भरताना रॉथ यांचा निष्कर्ष इथेही लागू पडतो. ‘मेडिसीन मिळाले तर बघू, नाहीतर मानसोपचार आहेच’ असा विचार असेल तर तो प्रामाणिकपणे त्याच क्रमाने लिहावा. आणि मानसोपचारच हवा असेल तर वडिलांच्या समाधानासाठी वर रेडिओलॉजी टाकू नये. चुकून मिळाली तर?

महाविद्यालय निवडताना नावापेक्षा चार गोष्टी विचारून घ्याव्यात. विभागात स्वतःचा वॉर्ड आहे की नुसती ओपीडी? व्यसनमुक्तीचे रुग्ण दाखल होतात का? लहान मुलांचे काम कोण पाहते? ठाणे, येरवडा, नागपूर, रत्नागिरी या चार प्रादेशिक मनोरुग्णालयांपैकी एखाद्यात काम करायची संधी मिळते का? यांची उत्तरे माहितीपत्रकात सापडत नाहीत, तिथल्या दुसऱ्या वर्षाच्या निवासी डॉक्टरला रात्री ११ नंतर फोन केला की मिळतात. ‘आरामाची शाखा’ हा समजही तोच दूर करतो. दारू अचानक सुटल्याने भ्रमिष्ट झालेला, सलाईन उपटून पळणारा रुग्ण पहाटे तीनला हाताळणे, विष घेतलेल्या मुलीशी ती शुद्धीवर आल्यावर पहिल्यांदा बोलणे, हे या शाखेतले नेहमीचे काम आहे.

सरकारी सेवेत असलेल्यांसाठी आणखी एक दार आहे. ऑगस्ट २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने सेवेतल्या डॉक्टरांना पदव्युत्तर जागा राखून ठेवण्याचा राज्यांचा अधिकार मान्य केला आणि महाराष्ट्राने २०२२ मध्ये राज्य कोट्यातल्या २० टक्के जागा त्यांच्यासाठी ठेवल्या. दुर्गम, आदिवासी भागात काढलेली वर्षे इथे कामी येतात. त्यासाठी सेवेचे दाखले वेळेत हातात असणे गरजेचे. रँक चांगली असून कागदासाठी जिल्हा परिषदेच्या चकरा मारण्याची वेळ येऊ नये.

हे सगळे कोणासाठी? निम्हान्सने २०१५-१६ मध्ये १२ राज्यांत केलेल्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात १०.६ टक्के प्रौढांना त्या वेळी मानसिक आजार असल्याचे आढळले, आणि वेगवेगळ्या आजारांत ७० ते ९२ टक्के रुग्ण उपचारांविना होते. त्या १२ राज्यांत गुजरात होता, महाराष्ट्र नव्हता. हरसूलची रेघ नेमकी त्या दोहोंच्या मधली. देशात लाखामागे ०.७५ मानसोपचारतज्ज्ञ असल्याचा हिशेब २०१९ मध्ये मांडला गेला. हवेत किमान तीन. गोव्यात ‘संगाथ’ आणि डॉ. विक्रम पटेल यांनी दाखवून दिले की प्रशिक्षण दिलेले स्थानिक समुपदेशकही नैराश्यात चांगली मदत करू शकतात. तरी त्यांच्या पाठीशी, औषध लिहायला आणि अवघड रुग्ण हाती घ्यायला तज्ज्ञ लागतोच.

एम.डी.ची तीन वर्षे सुरू झाल्यावर प्रबंध असतो, वॉर्ड असतो आणि २०२१ च्या तुकडीपासून जिल्हा रुग्णालयात तीन महिने काम करणेही सक्तीचे आहे. तोवर रुग्णाला निदान ‘टेलिमानस’चा १४४१६ हा क्रमांक तरी लिहून द्यावा, तो २०२२ पासून चालू आहे आणि त्याला रँक लागत नाही. एम.डी. होऊन परतणाऱ्या डॉक्टरला मानसोपचारतज्ज्ञाची जागा साधारणपणे जिल्हा रुग्णालयात मिळते. तिथून हरसूलच्या त्या ओपीडीपर्यंत पोहोचायला पुन्हा तोच घाट आहे.