बॅकअप नसताना विश्वास: म्युलर आणि पंडिता रमाबाई

या भागाचं हे लिखित रूप. बोलण्याचा सूर मुद्दामच तसाच ठेवलाय.

आमच्या सॉफ्टवेअरच्या धंद्यात बॅकअप नसेल तर कोणी सर्व्हरला हात लावत नाही. त्यामुळे ‘देव पुरवेल’ हे वाक्य ऐकलं की पहिला प्रश्न येतो: म्हणजे प्लॅनच नाही का? आज त्याचंच उत्तर शोधू.

ख्रिस्ती शिकवणीत दोन गोष्टी जोडीने येतात. एक, स्वतःला नाकारून येशूच्या मागे चालणं. दुसरी, मत्तयच्या सहाव्या अध्यायातली पाखरं आणि रानफुलं: त्यांची काळजी घेणारा देव तुमचीही घेईल. पहिलीशिवाय दुसरी घेतली की गडबड होते. मग देव म्हणजे आपली यादी पुरवणारं दुकान!

जॉर्ज म्युलर यांनी दोन्ही एकत्र घेतल्या. मूळचे प्रशियाचे, इंग्लंडमध्ये धर्मसेवक. 1830 मध्ये त्यांनी ठरलेला पगार सोडला. 1836 मध्ये ब्रिस्टलला अनाथाश्रम सुरू केला. नियम दोन: कोणाकडे पैसे मागायचे नाहीत, कर्ज काढायचं नाही. गरज सांगायची ती फक्त प्रार्थनेत. पुढे अ‍ॅशली डाउनला पाच मोठ्या इमारती झाल्या, दोन हजारांवर मुलांची सोय झाली. पण हिशेब? तो चोख. आलेल्या देणग्यांची नोंद ठेवून ते दरवर्षी अहवाल छापायचे. आता कोणी म्हणेल, अहवाल हीसुद्धा जाहिरातच की! मुद्दा रास्त आहे. तरी स्वतःसाठी त्यांनी साठवून ठेवलं नाही, हेही तितकंच खरं.

म्युलर यांचं चरित्र आपल्याकडे पंडिता रमाबाईंनी वाचलं, आणि त्यांना प्रश्न पडला: हे भारतात जमेल का?

प्रश्न पुस्तकी नव्हता. 1889 मध्ये मुंबईत सुरू झालेल्या त्यांच्या शारदा सदनाला अमेरिकेतून दहा वर्षांच्या मदतीची हमी होती. ती मुदत संपत आलेली, आणि 1896-97 चा दुष्काळ आला. रमाबाई मध्य प्रांतात गेल्या आणि उपाशी मुलींना घेऊन आल्या. जास्तीच्या तोंडांसाठी पैसे हातात नव्हते. आधी निधी, मग मुली, असा क्रम लावला असता तर किती जणी वाटेतच गेल्या असत्या?

पण केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये नुसती प्रार्थना करून कोणी बसलं नाही. विहिरी खणल्या, शेती केली, विणकाम शिकवलं, छापखाना चालवला. रमाबाईंनी केलेलं बायबलचं मराठी भाषांतरही तिथेच छापलं गेलं.

मला यातून कळलेला फरक असा: विश्वास ठेवला म्हणून कष्ट आणि हिशेब सुटत नाहीत. सुटते ती ‘आधी माझी सोय पक्की होऊ दे, मग दुसऱ्याचं बघू’ ही अट. आणि अजून एक. स्वतःचं ताट बाजूला सारणं हा आत्मत्याग. दुसऱ्याला उपाशी ठेवून ‘देव देईल’ म्हणणं हा नव्हे. रमाबाईंनी धोका पत्करला तो मुलींच्या पोटात अन्न जावं म्हणून.

इमर्जन्सी फंड मोडा, असं मी अजिबात म्हणत नाहीये. फक्त एक विचारतो: आपल्याला ‘पुरेसं’ म्हणजे नेमकं किती, हा आकडा तुम्ही कधी लिहून काढलाय? लिहा, आणि जमलं तर कळवा. पुढच्या भागात त्यावरच बोलू.