‘बोर्डिंग’ : एक शब्द आणि निवासी शाळांच्या तीन परंपरा

निवासी शाळांची तुलना करताना सामान्यतः परीक्षांचे निकाल, क्रीडांगणे, शुल्क आणि माजी विद्यार्थ्यांची नामावली यांचा आधार घेतला जातो. या तुलनेत एक गोष्ट दुर्लक्षित राहते. समाज ज्या शब्दांनी या संस्थांना ओळखतो, त्या शब्दांतच त्यांच्या लौकिकाचा पुष्कळसा निर्णय आधी होऊन गेलेला असतो. मराठीतील ‘बोर्डिंग’ हा शब्द या दृष्टीने अभ्यसनीय आहे.

ठाण्याच्या वागळे इस्टेटसारख्या वस्तीत या शब्दाचे निरनिराळे अर्थ शेजारी शेजारी नांदतात. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ १९६२ साली स्थापन झाले आणि त्याच्या अगदी आरंभीच्या वसाहतींत वागळे इस्टेटची गणना होते. कारखान्यांमागोमाग घाटावरून व कोकणातून कामगार कुटुंबे येथे आली. पुढे अनेक कारखाने बंद पडले व त्यांच्या जागी माहिती-तंत्रज्ञानाच्या कचेऱ्या उभ्या राहिल्या. अशा मिश्र वस्तीत तीन प्रकारची वाक्ये कानी पडणे स्वाभाविक आहे : ‘तो बोर्डिंगात राहून शिकला’, ‘मुलीला बोर्डिंग स्कूलला पाठवले’ आणि ‘ऐकले नाहीस तर बोर्डिंगात टाकीन’. पहिल्या वाक्याचा कर्ता विद्यार्थी आहे आणि त्यात कष्टाचा अभिमान आहे. दुसऱ्याचा कर्ता पालक असून त्यात ऐपतीची सूचना आहे. तिसऱ्यात शाळा ही शिक्षा ठरते. एकाच शब्दाला असे तीन भाव का चिकटले, याचे उत्तर कोशापेक्षा इतिहासात शोधावे लागते.

इंग्रजीत ‘बोर्ड’ म्हणजे मूळची फळी. तिचा अर्थ पुढे जेवणाचे मेज व मेजावरील अन्न असा विस्तारला. ‘बोर्डिंग’ या संज्ञेत म्हणूनच भोजनाचा अर्थ मुख्य आहे. यातून दोन भिन्न संस्था निर्माण होतात. ‘बोर्डिंग हाऊस’ हे केवळ राहण्या-जेवण्याचे ठिकाण होय. तेथील विद्यार्थी शिकण्यासाठी गावातील शाळेत जातो आणि गावाशी त्याचा संबंध टिकतो. ‘बोर्डिंग स्कूल’मध्ये निवास, भोजन, अध्यापन, खेळ व प्रार्थना ही सर्व एकाच कुंपणात येतात. तेथे एक स्वयंपूर्ण जग तयार होते व त्या जगाची बोलण्या-वागण्याची रीत विद्यार्थ्यावर जन्मभराचा ठसा उमटवते. मराठीने दोन्ही संस्थांसाठी ‘बोर्डिंग’ हा एकच संक्षेप स्वीकारला आणि हा भेद झाकला गेला.

हिंदुस्थानात कुंपणातील शाळेचा नमुना संस्थानिकांसाठी सिद्ध झाला. राजकोटचे राजकुमार कॉलेज १८७० साली सुरू झाले, अजमेरचे मेयो कॉलेज १८७५ साली स्थापन झाले. ग्वाल्हेर येथे माधवराव शिंदे यांनी १८९७ साली सरदारांच्या मुलांसाठी शाळा काढली. तीच पुढे सिंदिया स्कूल म्हणून प्रसिद्धीस आली. या शाळांत प्रवेशाची कसोटी जन्म ही होती. १९३५ साली डेहराडून येथे दून स्कूल उघडले तेव्हा जन्माची कसोटी मागे पडून शुल्क देण्याची शक्ती व प्रवेशपरीक्षा यांना महत्त्व आले. तथापि प्राचार्य इंग्लंडमधील ईटनहून आलेले असल्याने आदर्श तेथीलच राहिला. ‘पब्लिक स्कूल’ या नावात ‘सार्वजनिक’ असा शब्द असूनही सर्वसामान्यांना तेथे प्रवेश दुर्मीळ असावा, ही विसंगती या परंपरेच्या स्वरूपावर पुरेसा प्रकाश टाकते.

महाराष्ट्राच्या दृष्टीने या इतिहासातील सर्वांत अर्थपूर्ण दुवा राजकोटचाच आहे. छत्रपती शाहू महाराजांचे शिक्षण १८८० च्या दशकात काही वर्षे राजकुमार कॉलेजात झाले होते. त्याच शाहू महाराजांच्या प्रोत्साहनाने १९०१ साली कोल्हापुरात व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग निघाले आणि त्यानंतर जैन, लिंगायत, मुसलमान, अस्पृश्य मानलेले समाज इत्यादींसाठी एकामागून एक वसतिगृहे उभी राहिली. राजकुमारांना घरापासून दूर ठेवण्याचा हेतू त्यांना राज्यकारभारास योग्य बनवणे हा होता. कोल्हापुरात खेड्यातील मुलाला निवारा व अन्न देण्याचा हेतू त्याला शाळेच्या दारापर्यंत आणणे हा होता. निवासाची कल्पना दोन्हीकडे समान असली, तरी तिचे प्रयोजन मुळापासून पालटले.

या परंपरेचा पुढचा टप्पा साताऱ्यात दिसतो. कर्मवीर भाऊराव पाटील हे विद्यार्थिदशेत कोल्हापूरच्या जैन बोर्डिंगात राहिले होते. त्यांनी १९१९ साली काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापन केली व १९२४ साली साताऱ्यात वसतिगृह उघडले. १९२७ साली महात्मा गांधींच्या हस्ते त्याचे ‘छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस’ असे नामकरण झाले. कोल्हापुरातील वसतिगृहे जातवार होती. साताऱ्यात सर्व जातींची मुले एका चुलीवर शिजलेले अन्न एका पंक्तीत जेवू लागली. मुले स्वतः श्रम करीत व शिकत. वसतिगृह चालविण्यासाठी लक्ष्मीबाई पाटील यांनी आपले दागिने खर्ची घातले, ही गोष्ट महाराष्ट्रात सर्वश्रुत आहे. येथे ‘बोर्डिंग’ या शब्दातील मूळचा अन्नाचा अर्थ पुन्हा प्रकट झाला, असे म्हणावयास हरकत नाही.

योगायोग असा की तिन्ही परंपरा आज एकट्या सातारा जिल्ह्यात पाहावयास मिळतात. जिल्ह्याच्या पश्चिमेस पाचगणी आहे. थंड हवेमुळे इंग्रजी अमदानीत तेथे प्रथम युरोपीय मुलांसाठी शाळा निघाल्या. सेंट पीटर्स ही त्यांपैकी एक प्रसिद्ध शाळा होय. झांझिबारमध्ये जन्मलेला व पुढे फ्रेडी मर्क्युरी या नावाने जगप्रसिद्ध झालेला गायक याच शाळेत शिकला, यावरून पाचगणीचा लौकिक किती दूरवर पसरला होता याची कल्पना येते. पाचगणीच्या सर्व शाळा मात्र एका मुशीतील नाहीत. १९२२ साली स्थापन झालेले संजीवन विद्यालय व १९४५ साली बहाई विचारांच्या प्रेरणेने निघालेले न्यू एरा यांची वळणे निराळी आहेत. सातारा शहरात २३ जून १९६१ रोजी देशातील पहिले सैनिक स्कूल सुरू झाले. खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीसाठी विद्यार्थी तयार करणे हा त्याचा उद्देश. त्या काळी महाराष्ट्राचे मुख्यमंत्री यशवंतराव चव्हाण हे स्वतः सातारा जिल्ह्यातील होते.

या तिन्ही संस्थांची संस्कृती तीन प्रश्नांच्या आधारे ताडून पाहता येईल. पहिला प्रश्न प्रवेशाचा. पाचगणीत कुटुंबाची ऐपत, सैनिक स्कूलमध्ये स्पर्धापरीक्षा आणि रयतच्या बोर्डिंगात गरज ही प्रवेशाची मुख्य वाट ठरली. दुसरा प्रश्न श्रमाचा. पाचगणीत शरीरश्रम खेळाच्या रूपाने येतो, सैनिक स्कूलमध्ये कवायतीच्या रूपाने आणि रयतमध्ये कमाईच्या रूपाने. पहिल्याने संघभावना, दुसऱ्याने शिस्त व तिसऱ्याने स्वावलंबन घडावे, अशी अपेक्षा असते. तिसरा प्रश्न भाषेचा. पाचगणीच्या जुन्या शाळांत इंग्रजी ही वर्गाबाहेरचीही भाषा असते. सैनिक स्कूलमध्ये सहावीची प्रवेशपरीक्षा मराठीतूनही देता येते, पुढील अध्यापन मात्र इंग्रजीतून चालते. म्हणजे विद्यार्थ्याला उंबरठ्यावरच भाषा बदलावी लागते. रयतच्या बोर्डिंगात मुलाची बोली व शाळेची प्रमाण मराठी यांतील अंतर तेवढे ओलांडावयाचे असे.

लौकिकाच्या प्रचलित याद्यांत पहिल्या दोन प्रकारच्या शाळा आढळतात; शाहू बोर्डिंग आढळत नाही. त्याचे कारण गुणवत्तेत शोधणे चूक होईल. या याद्या विद्यार्थी कोठे पोहोचला एवढेच मोजतात, तो कोठून निघाला हे मोजीत नाहीत. ज्या घरात पूर्वी कोणी अक्षर गिरवले नव्हते तेथील मुलगा शिक्षक झाला, तर त्याने कापलेले अंतर सधन घरातील मुलगा परदेशी विद्यापीठात गेल्याने कापलेल्या अंतरापेक्षा कमी म्हणता येणार नाही. रयत शिक्षण संस्थेच्या शेकडो शाळा व महाविद्यालये यांच्या मुळाशी हेच अंतर आहे.

भाषेने हा भेद नोंदवून ठेवला आहे. ठाणे जिल्ह्यात शहापूर-मुरबाडकडील आदिवासी मुलांच्या निवासी शाळेस ‘आश्रमशाळा’ म्हणतात, गरीब विद्यार्थ्यांच्या निवासास ‘वसतिगृह’ आणि सधनांच्या शाळेस ‘रेसिडेन्शियल स्कूल’. तिन्ही ठिकाणी मूल घरापासून दूर राहते व शिकते. नाव मात्र त्याच्या पालकांच्या स्थितीनुसार बदलते. वागळे इस्टेटमधील एखाद्या कामगाराच्या नातवाला आजोबांचे ‘बोर्डिंग’ सांगताना संकोच वाटत असेल, तर त्या संकोचाचे मूळ शब्दाच्या या श्रेणीत आहे. निवासी शाळांचा तौलनिक अभ्यास करणाऱ्याने निकालांची कोष्टके मांडण्यापूर्वी ही श्रेणी तपासली पाहिजे. अन्यथा समाजाने आधीच दिलेला निर्णय तो संशोधनाचा निष्कर्ष म्हणून पुन्हा लिहीत राहील.